डचमधलं ‘एर’ वाक्यात नक्की कुठे टाकायचं? एरॉप, एरमे, दारफान, सगळ्यात गोंधळ होतो

या ‘एर’ने माझी भर जिन्यात शोभा केलीय म्हणून लिहितेच.

आइंडहोव्हनला नवीन होतो. शेजारच्या बाई झाडांना पाणी घालायला किल्ली देऊन गावाला गेलेल्या, परत आल्यावर जिन्यात भेटल्या, म्हणाल्या किल्लीचं लक्षात आहे ना? मी ऐटीत, ‘या, इक देंक दे हेले दाख आन हेम.’ किल्ली ‘दे’वाली (डच नामांना ‘दे’ किंवा ‘हेट’ लागतं), म्हणून हिशोबाने ‘हेम’ म्हणजे ‘तो’वालं रूप लावलेलं. बाई हळूच म्हणाल्या, ‘आन वी?’ म्हणजे कुणाचा? मी म्हणून बसले होते की दिवसभर त्याचाच विचार करते, आणि मागे नवरा पिशव्या घेऊन उभा!

म्हणायला हवं होतं ‘एरान’. वस्तू असली की आन हेम, ऑप हेट (हेट म्हणजे ‘ते’, ऑप म्हणजे ‘वर’) म्हणायचंच नाही, हेम-हेटच्या जागी एर येतं आणि ते आधी येतं. एरॉप म्हणजे आपलं ‘त्यावर’, आधी त्या मग वर, इतकं सोपं. फक्त मेटचं (‘सोबत’) मे होतं (एरमे) आणि टॉटचं (‘पर्यंत’) टू. जोर द्यायचा तर एरऐवजी दार (दारफान म्हणजे ‘त्याचं, त्यातलं’), प्रश्न असेल तर वार. माणूस असेल तर मात्र मेट हेम (त्याच्यासोबत), मेट हार (तिच्यासोबत).

पुढे मराठी साथ सोडते कारण ते दोन तुकडे फुटतात, एर क्रियापदाला चिकटून पुढे आणि आन पार मागे: इक हेप एर नीट आन खदाख्ट. (माझ्या ते लक्षात आलं नाही; नीट म्हणजे ‘नाही’, आपलं नीट नव्हे.) प्रश्नातही तेच, वार वाख्ट ये ऑप? (कशाची वाट बघतोस?) ‘ऑमदाट’ (कारण) लावलंत की क्रियापद शेवटी जातं, ऑमदाट इक एर नीट आन खदाख्ट हेप, तिथे आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं.

नवऱ्याचं आजही म्हणणं, एरला अर्थच नसतो, गाळून टाक, कळतं लोकांना. अहो, मग ‘च्यावर ठेवलंय’ असं बोला ना मराठीत! कशाच्या वर?

हां, ‘इक हेप एर द्री’ (माझ्याकडे तीन आहेत) मधलं एर वेगळं, ते इथे मिसळू नका. आणि बोलताना डच लोक माणसालाही सर्रास ‘दे मान वार इक मे प्राट’ (मी ज्याच्याशी बोलते तो माणूस) म्हणतात, पुस्तकात ‘मेट वी’ असलं तरी. हे आमच्या घरी कळवू नका.