अनुदान कोणाला मिळालं, हे गावाने विचारायचं नाही का?

प्रश्न : आमच्या गावात चांगली पेन्शन असलेल्या एका रिटायर माणसाला पीएम किसानचे पैसे येतात आणि माझ्या चुलत्यांची दीड एकर कोरडवाहू असून त्यांचा हप्ता बंद पडलाय. यादी मागायला गेलो तर ‘खाजगी माहिती आहे, देता येत नाही’ म्हणाले. हे खरंय का?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : नाही दादा, अजिबात खरं नाही. यादी तर सरकारनेच पीएम किसानच्या वेबसाइटवर टाकलीय, बेनिफिशियरी लिस्ट उघडायची, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं की नावं समोर. आणि योजनेच्या नियमातच लिहिलंय की लाभार्थ्यांची यादी पंचायतीत लावायची. मग तुमच्या ग्रामपंचायतीच्या बोर्डावर ती का नाही, हे ग्रामसेवकांना बिनधास्त विचारा आणि जमलं तर ग्रामसभेत विचारा, म्हणजे प्रोसिडिंगमध्ये येईल.

यादी मिळाली नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात टाका. 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कोणी मागायच्या आधीच जाहीर करायचा. आता 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यामुळे वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं झालंय, हे मला फार चुकीचं वाटतं, पण माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जात कलम 4 आणि जनहित दोन्ही लिहा, आणि फक्त नाव, गाव, हप्ते, रक्कम एवढंच मागा. आधार नंबर, बँक खातं मागूच नका, त्याची आपल्याला गरजही नाही आणि ते उघड होऊही नये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

पेन्शनचं म्हणाल तर महिन्याला 10,000 किंवा जास्त पेन्शन असेल तर तो माणूस अपात्र, चतुर्थ श्रेणीतले सोडून. इन्कम टॅक्स भरणारे पण अपात्र. जानेवारी 2021 मध्ये माहिती अधिकारातूनच बाहेर आलं होतं की 20.48 लाख अपात्र लोकांच्या खात्यात 1,364 कोटी गेले, आणि त्यात निम्म्याहून जास्त इन्कम टॅक्सवाले होते! कोणीतरी अर्ज केला म्हणून हे कळलं ना.

पण त्या पेन्शनवाल्यांच्या आधी चुलत्यांचं बघा. ई-केवायसी झालंय का, खातं आधारला लिंक आहे का, जमिनीची नोंद जोडलीय का, फार्मर आयडी काढलाय का, बहुतेक हप्ते इथेच अडकतात. पीएम किसान अडकलं की राज्याच्या नमो शेतकरीचे वर्षाचे 6,000 पण अडकतात, म्हणजे एकूण 12,000 चा फटका, कोरडवाहू माणसाला ही रक्कम लहान नाही. यादीचा खरा उपयोग मला इथे वाटतो, कोण घुसलंय यापेक्षा कोण राहून गेलंय ते सगळ्यांना दिसतं.

प्रश्न : मी जर्मनीत राहते. इथेही शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं नेटवर दिसतात. शेतकऱ्यांना त्याचा त्रास नाही का होत?
— एक वाचक

उत्तर : झाला होता ताई, आणि तुमच्याच जर्मनीतले शेतकरी कोर्टात गेले होते. 9 नोव्हेंबर 2010 ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की रक्कम किती, किती काळ, काही न बघता प्रत्येक व्यक्तीचं नाव सरसकट छापणं जास्तच होतंय. मग 2013 मध्ये नियम बदलले, नावं परत आली पण अगदी छोटी रक्कम घेणाऱ्यांची नावं झाकली. मला हे पटतं. आपल्याकडे मात्र 2,000 चा हप्ता घेणाऱ्याचं नाव एका क्लिकवर दिसतं, मग ठिबक, शेडनेट, कोल्ड स्टोरेजचं लाखांतलं अनुदान कोणी उचललं हेही तितक्याच सहज दिसायला हवं. मोठ्या रकमांची नावं आधी लावा ना भिंतीवर, वर्ष आणि रकमेसकट.