पूर्वपक्ष आधी, समन्वय नंतर

वेदान्त आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधांचा अभ्यास विवेकानंदांच्या शिकागोतील व्याख्यानांपासून सुरू करावा काय, असे आपण सांगलीहून विचारले आहे. माझ्या मते करू नये. १८९३ पूर्वी या दोन मतांची अनेक दशके खडाजंगी झाली होती. ती वगळली तर समन्वयाची भाषा हाती लागते, पण ती कोणत्या आक्षेपांना, म्हणजे पूर्वपक्षाला, तोंड देताना घडली हे कळत नाही.

त्याऐवजी एकच वाद निवडून तो मुळापासून वाचावा. कंपनी सरकारच्या सेवेतील स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ संस्कृत श्लोकांत लिहून ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व मांडले आणि तीन पंडितांनी त्याला संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांपैकी नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत वाढलेले चित्पावन. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्यांनी म्यूर यांचे खंडन केले, १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात ज्या दर्शनांचा कैवार घेतला होता त्यांचीच कठोर चिकित्सा केली. दोन्ही पक्ष आतून जाणणारा असा साक्षीदार अभ्यासकाला क्वचितच लाभतो, आणि धर्मांतराच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्याच्या भरात आपण त्याचे युक्तिवाद वाचायचेच राहून जातो, याची मला खरोखर खंत वाटते.

एक मुद्दा जवळून पाहा. कोणी जन्मतः सुखी तर कोणी दुःखी असेल, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? हा आक्षेप वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी (२.१.३४) स्वतःच घेतला असून, ईश्वर जीवांच्या कर्मानुसार सृष्टी करतो, असे त्याचे उत्तर दिले आहे. सृष्टीच्या आरंभी कर्म कोठून आले, ही पुढची शंका लगेचच्या सूत्रात येते आणि संसार अनादी मानून ती सोडवली जाते. पंडितांनी हाच प्रश्न म्यूर यांच्याकडे वळवला : पूर्वजन्म न मानता जन्मजात दुःखाची उपपत्ती कशी लावणार? ही दोन्ही सूत्रे शांकरभाष्यासह वाचून मगच गोऱ्ह्यांकडे वळावे, म्हणजे परंपरेतून आलेले काय आणि नव्या प्रतिपक्षामुळे सुचलेले काय, हे वेगळे करता येईल.

संस्कृत कच्चे असेल तर आधी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ मराठी विवरणासह, शक्यतो शिक्षकाजवळ बसून पुरा करावा. वाई आपल्याला दूर नाही. तेथील प्राज्ञपाठशाळेने सिद्ध केलेला ‘मीमांसाकोश’ आणि ‘धर्मकोश’ पुढे वारंवार लागतील.