सेवेचा थकवा आणि श्रद्धेविषयीची शंका

“सेवा करताना पूर्वीसारखा आनंद होत नाही, माझी श्रद्धा कमी झाली आहे का?” चर्चच्या कामात अनेक वर्षे घालवलेल्या स्त्रिया हा प्रश्न समुपदेशनात वारंवार विचारतात, पण बहुधा पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत झोप, डोकेदुखी किंवा घरातल्यांवर होणारी चिडचिड यांविषयी बोलणे होते. येथे सांगितलेला अनुभव पन्नाशीच्या एका स्त्रीचा असून, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत, भगिनी मंडळाच्या सचिव होत्या, गायकवृंदात गात, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कोणी आजारी पडले की पहिला फोन त्यांनाच जाई. घरी पती, दोन मोठी मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. बऱ्याच संकोचानंतर त्या म्हणाल्या, “मंडळीतल्या एका आजारी बहिणीजवळ बसून मी प्रार्थना करत होते आणि मनात एकच विचार होता, हे लवकर संपावे.” ही गोष्ट त्यांनी पतीलाही सांगितली नव्हती. आपण ढोंग करतो आहोत, अशी त्यांची खात्री झाली होती.

अशा वेळी मी आधी शरीराकडे पाहण्याचा आग्रह धरते. या वयात रजोनिवृत्तीमुळे झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडू शकतात. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांनीही माणूस गळून जातो. डॉक्टरांच्या तपासणीत त्यांचे हिमोग्लोबिन कमी निघाले आणि उपचार सुरू झाले. सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहते का, कशातच रस वाटत नाही का, जगणे नकोसे होते का, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारले. श्रद्धाळू माणसाला मरणाच्या विचारांविषयी विचारू नये, असे अनेकांना वाटते. मला ते धोक्याचे वाटते, कारण असे विचार पाप समजून लपवले जातात आणि मदतीला उशीर होतो. त्यांच्या मनात तसे विचार नव्हते आणि नातवंडांच्या सहवासात त्या अजूनही खुलत. त्यामुळे नैराश्यापेक्षा दीर्घकाळच्या सेवेचा थकवा हेच चित्र अधिक जुळत होते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये अशा थकव्याविषयी लिहिले, तेही मोफत दवाखान्यांत मनापासून राबणाऱ्यांना पाहून. ज्यांची कामावर निष्ठा असते, तेच यात अधिक सापडतात.

पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अर्थ सांगणे हे माझे काम नव्हे. म्हणून मी त्यांनाच विचारले, की मंडळीतली एखादी बहीण हीच व्यथा घेऊन आली असती, तर तुम्ही तिला काय वाचून दाखवले असते? थोडा वेळ विचार करून त्यांनी एलीयाची गोष्ट सांगितली. रानात झुडपाखाली “आता पुरे” म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूत आधी झोपू देतो, मग खायला देतो, पुन्हा झोपू देतो. एका शब्दानेही दोष देत नाही. ही गोष्ट त्यांनी मुलांना कितीतरी वेळा शिकवली होती. ती आपल्यालाही लागू आहे, हे मात्र त्यांच्या मनात आले नव्हते.

खरी अडचण नकार देण्याची होती, कारण मंडळीतून आलेली प्रत्येक मागणी त्यांना देवाचीच मागणी वाटे. कोणते काम स्वतःहून स्वीकारले, कोणते दुसरे कोणी नव्हते म्हणून अंगावर आले आणि कोणते केवळ लोक नाराज होतील म्हणून चालू आहे, हे आम्ही वेगळे लिहून काढले. आजाऱ्यांच्या भेटी आणि गाणे पहिल्या गटात आले. सचिवपद, हिशेब आणि कार्यक्रमांची धावपळ उरलेल्या दोन गटांत. “वार्षिक सभेपर्यंत मी हे काम पाहीन, त्यानंतर ते दुसऱ्या बहिणीकडे द्यावे,” हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर अनेकदा म्हणून पाहिले. त्यांच्या संमतीने पतीही एका भेटीला आले. पत्नीच्या सेवेचा त्यांना अभिमान होता, पण तिला रात्री आईसाठी किती वेळा उठावे लागते, याची कल्पना नव्हती. आठवड्यातल्या काही रात्रींची जबाबदारी त्यांनी तेथेच स्वीकारली.

मंडळीत सर्वांनी समजून घेतले असे नाही. नांगराला हात घालून मागे पाहू नये, हे येशूचे वचन एका ज्येष्ठ भगिनीने त्यांना सुनावले आणि त्या पुन्हा अपराधी भावनेने माझ्याकडे आल्या. पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, त्या स्वतः बोलल्या. येशूच्या शिष्यांनी, म्हणजे प्रेषितांनीही, जेवणाच्या पंगतींची व्यवस्था सात जणांकडे सोपवली होती, याची पाळकांनी आठवण करून दिली, आणि तो आधार माझ्या शब्दांपेक्षा मोठा ठरला. सचिवपद आता दुसऱ्या बहिणीकडे आहे. त्यांची झोप सुधारली आहे. प्रार्थना अजून कधी कधी कोरडी वाटते, पण त्यासाठी त्या स्वतःला ढोंगी म्हणत नाहीत.