एज ऑफ एम्पायर्स २ हा कॉम्प्युटर गेम चाहत्यांना कुर्दी भाषेत आणता येईल का?

हो, नक्की येईल. पण कुठली कुर्दी, ते आधी ठरवा. १९९९च्या मूळ गेममधला बहुतेक मजकूर लँग्वेज डीएलएल फाइलींत (मजकूर साठवणाऱ्या विंडोजच्या फाइली) असतो. रिसोर्स एडिटरने (अशा फाइली उघडून बदलणारं सॉफ्टवेअर) तो बदलता येतो. कुर्मांजी ही कुर्दीची एक बोली बहुतेक ठिकाणी लॅटिन लिपीत लिहितात आणि तिची सगळी खास अक्षरं विंडोजच्या तुर्की कोडपेजमध्ये (अक्षरांचा ठरलेला संच, क्र. १२५४) आहेत, त्यामुळे ती सोपी. खरी कसोटी सोरानी या दुसऱ्या बोलीची: अरबी वळणाची लिपी, उजवीकडून डावीकडे, शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलणारी. जुन्या गेममध्ये अक्षरं सुटी किंवा उलटी पडू शकतात, म्हणून आधी एखाद्या बटणावर करून बघा.

सुरुवात गेममधल्या सलादीनच्या मोहिमेपासूनच करा. तिक्रितला कुर्दी घराण्यात जन्मलेल्या या सुलतानाची कहाणी कुर्दी मुलांना आपल्या भाषेत वाचता यायलाच हवी.