इन्टेक राहू द्या, आधी सीसीतले १२ लाख परत भरा

वाचकाचं पत्र : “ताई, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं सीएनसी जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. वय ३८, पत्नी शिक्षिका, दोन मुलं. गेल्या वर्षी २०१० सालची निसान ३७०झेड घेतली, २२ लाखांना. १० लाख साठवलेले होते, १२ कारखान्याच्या सीसीतून काढले; ते काय फिरतच असतात. (सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज; मर्यादा २५ लाख, तारण इंदिरानगरचं घर.) आता गाडीला आफ्टरमार्केट एअर इन्टेक (इंजिनात हवा घेणारी नळी आणि फिल्टर, बाहेरच्या कंपनीचा) बसवायचाय, ट्यूनिंग धरून ९० हजार. दुकानदार म्हणतो, २५ हॉर्सपॉवर वाढेल, विकताना भावही चांगला येईल आणि पुढे गाडी क्लासिक होईलच. पुढच्या महिन्यात बँकेने विकलेल्या गॅरंटीड विमा प्लॅनचा दुसरा हप्ता आहे, २ लाखांचा. सीसी रिन्यू करताना मॅनेजर म्हणाले होते म्हणून घेतला. आधी हप्ता भरू की इन्टेक घेऊ?”

दोन्ही नको.

इन्टेकचं आधी संपवते. तुमच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नाही. ३.७ लिटरचा व्ही-सिक्स, मुळातच ३२८ हॉर्सपॉवरचा, आणि कंपनीनेच त्याला दोन एअरबॉक्स (फिल्टरचे डबे) आणि दोन थ्रॉटल (हवेच्या झडपा) दिलेत. हवा कमी पडतेय म्हणून हे इंजिन मागे राहिलेलं नाही. नुसत्या इन्टेकने दोन-तीन टक्के वाढले तरी पुष्कळ, म्हणजे सात ते दहा हॉर्सपॉवर. २५ म्हणणाऱ्याला तुमच्याच गाडीचे आधीचे आणि नंतरचे डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) कागद मागा. आवाज मात्र नक्की वाढेल. त्या आवाजासाठीच ९० हजार द्यायचे असतील तर तसं स्वतःशी कबूल करा. त्याला गुंतवणूक म्हणू नका.

भावाचं म्हणाल, तर जुनी स्पोर्ट्स कार घेणारा जाणकार बॉनेट उघडून मूळ एअरबॉक्स जागेवर आहे का ते बघतो. आणि क्लासिक? आपल्याकडे व्हिंटेज गाड्यांचे २०२१चे नियम आहेत: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी. तुमच्या गाडीला त्यासाठी २०६० उजाडेल. तोवर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आहेच, आणि आयात गाडीची फी १ एप्रिल २०२२ लाच ४० हजारांवर गेली होती.

एक धोका दुकानदाराने सांगितलेला दिसत नाही. लांब नळीच्या किटमध्ये फिल्टर बंपरच्या मागे, खाली येतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि त्याने पाणी ओढलं, की ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉडच वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, आणि इतक्या जुन्या गाडीला ते मिळणं कठीण. शिवाय केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवला नाही, तर इतर क्लेमलाही फाटे फुटतात.

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्याबद्दल. “ते काय फिरतच असतात” हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. सीसीतला पैसा फिरतो तो धातूचा बार विकत घेतला, माल मशीनवर चढला, बिल निघालं, पैसे आले, असा. तुमचे १२ लाख फिरत नाहीत, ते पार्किंगमध्ये कव्हरखाली उभे आहेत. ११ टक्क्यांनी धरा : वर्षाला सव्वा लाखाच्या वर, महिन्याला ११ हजार. म्हणजे तुमच्या इन्टेकची किंमत दर आठ महिन्यांनी व्याजात जातेय. हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवत असाल तर आजच सीएंना खरं सांगा. खासगी गाडीसाठी वळवलेल्या रकमेवरचं व्याज धंद्याच्या खर्चात चालत नाही.

व्याजापेक्षा मला काळजी ड्रॉइंग पॉवरची, म्हणजे सीसीतून प्रत्यक्षात किती उचलता येईल त्या मर्यादेची, आहे. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ती काढते, मार्जिन कापून. ९० दिवसांच्या पुढची येणी बहुतेक बँका धरतच नाहीत. सातपूर-अंबडची किती तरी युनिट्स महिंद्रा, बॉश यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांच्या शेड्यूलवर चालतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन महिने शेड्यूल घटलं, एका पार्टीने पेमेंट लांबवलं, की स्टॉक आणि येणी दोन्ही उतरतात. समजा ड्रॉइंग पॉवर १४ लाखांवर आली. त्यातले १२ गाडीत अडकलेत. उरलेल्या दोन लाखांत माल, पगार आणि वीजबिल बसवणार आहात का? सीसीची बाकी सलग ९० दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली, तर खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं. आणि तारण गाडी नाही, घर आहे. १५ वर्षांच्या गाडीवर तुम्हाला सरळ कर्ज मिळालं नसतं. ते तुम्ही नकळत राहत्या घरावर काढलंय. वहिनींना हे माहीत आहे का? नसेल तर आज रात्री सांगा.

प्लॅनचे आकडे तुम्ही सोबत पाठवलेत. दहा वर्षं २ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ४६ लाख मिळणार. “दुपटीहून जास्त” ऐकायला गोड लागतं, पण हिशोब केला तर परतावा साडेपाच टक्के. एकीकडे ११ टक्क्यांचं कर्ज, दुसरीकडे साडेपाच टक्क्यांची “गॅरंटी”! आणि एवढं भरून विमा किती? २० लाख. घर तारण, दोन मुलं, कारखाना एकट्याच्या जिवावर, अशा माणसाला २० लाखांचं कव्हर विकलं याचा मला खरंच राग येतो. एक कोटीचं टर्म कव्हर (निव्वळ विमा, परतावा नाही) तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला वीस हजारांच्या आसपास येतं. आधी ते घ्या, मेडिकल करून, आणि सीसीची बाकी लपवू नका. ते हातात आलं की दुसरा हप्ता थांबवा. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार, पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि त्या वर्षाचा हप्ता भरलेला असला, तरी सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यावरचे पैसे, मिळते. वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर केलं तर किती आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू) ठेवलं तर किती, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. दोन लाखांतले काही बुडतील. बुडू द्या, ते वाचवायला आणखी अठरा लाख घालू नका.

हप्त्याचे २ लाख आणि इन्टेकचे ९० हजार, त्यातून टर्मचे वीस वजा करून बाकीचे सीसीत टाका. राहिले नऊ लाख तीस हजार. घरखर्च जाऊन महिन्याला साठ हजार उरतात असं तुम्ही लिहिलंय; त्यातले चाळीस सीसीत गेले तर व्याज धरूनही सव्वादोन वर्षांत गाडी खऱ्या अर्थाने तुमची होते. पुढच्या रिन्यूअलपर्यंत निम्मी रक्कम भरून झाली नाही, तर गाडी विका. हौस म्हणून ती घेतलीत याबद्दल माझी तक्रार नाही, पण घर अडकवून ती ठेवू नका.

तोवर गाडीला दोन मूळ कागदी एअर फिल्टर आणि नवं ब्रेक ऑइल पुरेल. टायरच्या कडेवर डॉट लिहिलंय तिथले शेवटचे चार आकडे बघा : ३२१५ असेल तर २०१५चा बत्तिसावा आठवडा. एवढे जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला. त्या खर्चाला मी एका शब्दाने अडवणार नाही.

आणि रिन्यूअलला मॅनेजरने पुन्हा पॉलिसी पुढे केली, तर “पॉलिसीशिवाय लिमिट मिळणार नाही” असं ईमेलवर लिहून द्यायला सांगा. लिहून मिळणार नाही. तरीही अडवलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत.