पूर ओसरल्यावर ठाण्याजवळच्या येऊरच्या ओढ्यावर बेडकांच्या सर्व्हेला जाताना

पहिल्यांदाच जातोयस ना, मग आधी वनखात्याची परमिशन घे आणि एकटा अजिबात जाऊ नकोस, वर डोंगरात सर जोरात आली की खाली पाणी कसं आणि किती पटकन वाढतं ते कळतही नाही.

गेल्या गेल्या बेडूक मोजायला लागू नको. लीथचा बेडूक, म्हणजे इंडिराना लीथी, फक्त पश्चिम घाटातला आणि आययूसीएनच्या (निसर्ग जपणारी जागतिक संघटना) यादीत व्हल्नरेबल, म्हणजे नामशेष व्हायचा धोका असलेला, याची पिल्लं (टॅडपोल) डबक्यात नसतात रे, ओल्या कातळाला चिकटून असतात, पाण्याचा नुसता पातळ थर लागतो त्यांना आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यामुळे पुराने त्या कातळावर गाळ बसलाय का, शेवाळ खरवडून गेलंय का, हे आधी बघ, बोट फिरवलं तरी समजतं. मग काठाचा पालापाचोळा, पडलेली झाडं, सावली. फांद्यांत कचरा कुठपर्यंत अडकलाय त्यावरून पाणी किती चढलं होतं ते कळतं, ती उंची टेपने मोज, फोटो दरवेळी त्याच जागेवरून काढ.

दगड उचललास तर जसाच्या तसा ठेव प्लीज. बूट दुसऱ्या ओढ्यात घालायच्या आधी धुवून सुकव, बुरशीचे रोग असेच पसरतात. एका फेरीत बेडूक दिसला नाही म्हणून 'नाही' लिहू नको, रात्री टॉर्च घेऊन परत जाऊ, मी येतो सोबत.