वही भरली, पान काही पुढे सरकेना

प्रश्न: ताई नमस्कार, मी पेडण्याची, वय 36, पणजीला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. माझं प्रायमरी मराठीतून, चौथीपर्यंत मजेत होते, मग पाचवीला हायस्कूलात गेल्यावर एकदम सायन्स इंग्लिश, भूगोल इंग्लिश, गणितसुद्धा इंग्लिश, अर्धा वर्ग नुसती मान हलवायचा त्यात मीपण. पाठ करून करून बी.कॉम. झाले पण इंग्लिश आलं असं कधी वाटलं नाही. गेल्या जूनपासून मनावर घेतलंय. एक जाडजूड ग्रामरचं पुस्तक आणलं, रात्री जेवणं आवरली की रोज एक एक्सरसाइज करते, रिकाम्या जागा भरा वगैरे, दहातले आठ-नऊ बरोबर येतात. सकाळी बसमध्ये इंग्लिश पेपर वाचते म्हणजे वाचायला बघते, अडलेला प्रत्येक शब्द मोबाइलवर शोधून अर्थ वहीत लिहिते, दोनशे पानी वही भरत आली. पण कोलवाळचा पूल गेला, म्हापसा आलं, तरी मी आपली त्याच बातमीत. आणि परवा हेड ऑफिसला मेल लिहिताना 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स' लिहिलं तर बाजूच्या नवीन मुलीने सगळ्यांसमोर हसून दुरुस्त केलं. ताई, हाच प्रकार मी आठवड्याआधी एक्सरसाइजमध्ये बरोबर सोडवला होता! अजून एक, काल मेलेल्या माणसाला पेपरवाले 'डाइज' का लिहितात, 'डाइड' नको का? आता मी आधी ग्रामर पक्कं करू की वाचन चालू ठेवू?
एक वाचक, पेडणे

उत्तर: अगं, आधी त्या 'डाइज'बद्दल बोलू, तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलं ते हेच. तुला ते खटकलं ना? ज्याला काळ कळत नाही त्याला ते खटकणारच नाही, म्हणजे जूनपासूनचं वाया गेलेलं नाही.

हेडलाइनचं ग्रामर वेगळंच असतं. जागा कमी, म्हणून 'अ' आणि 'द' बहुतेक वेळा उडवतात, 'इज' 'वॉज'ही उडवतात. काल घडलेलं वर्तमानकाळात लिहितात, म्हणून 'मॅन डाइज इन अ‍ॅक्सिडेंट'. 'सीएम टू व्हिजिट म्हापसा' म्हणजे अजून गेलेले नाहीत, जाणार आहेत. आणि 'टू हेल्ड फॉर थेफ्ट' वाचून दोघांनी कुणालातरी धरलं असं वाटतं, पण धरलंय त्या दोघांनाच, मधला 'वेअर' गाळलाय. (हे दोन 'टू' वेगळे बरं का, देवनागरीत सारखे दिसतात एवढंच.) आपले मराठी पेपर तरी काय करतात, 'अपघातात दोघे ठार', 'मुख्यमंत्री आज दिल्लीत', यात क्रियापद कुठंय सांग बघू. पण ते आपल्याला अडत नाही, कारण गाळलेलं आपण न सांगता भरून घेतो.

तर तू असं कर, रोज एकच हेडलाइन घे, बातमी हाताने झाक, आणि हेडलाइनचं पूर्ण वाक्य करून लिही, 'अ' कुठे 'द' कुठे 'वॉज' कुठे सगळं घालून. मग हात काढ आणि पहिला पॅरा वाच, तिथे तीच गोष्ट पूर्ण वाक्यात असते, ताडून बघ. तुझ्या रिकाम्या जागांपेक्षा हे अवघड आहे, कारण इथे रिकाम्या जागा कुठे आहेत ते पण तुलाच शोधायचंय.

आणि हो, 'सिन्स'चं इथेच लपलंय. एक्सरसाइजमध्ये तुला बरोबर आलं कारण पानाच्या वर धड्याचं नावच मोठ्या अक्षरात होतं, 'सिन्स' आणि 'फॉर', दोनातलं एक निवडायचं. मेलच्या वर कोण धड्याचं नाव लिहितो! तिथे डोक्यात मराठी चालू होतं, 'मी सहा वर्षांपासून इथे काम करते', 'करते' वर्तमानकाळ, 'पासून' म्हणजे 'सिन्स', झालं वाक्य तयार. मराठीत ते अगदी बरोबर आहे म्हणूनच फसायला होतं. इंग्लिशला तिथे तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे असं दोन्ही दाखवायचं असतं, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. आणि 'सिन्स'ला सुरुवातीची खूण लागते, सिन्स मंडे, सिन्स 2019, किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', फॉर सिक्स इयर्स. त्या मुलीचं मनावर घेऊ नकोस, हसणारेच पुढच्या मेलमध्ये 'रिव्हर्ट बॅक' लिहितात, मी 22 वर्षं शिकवलंय, मला माहीत आहे.

आता मुख्य प्रश्न. माझं मत विचारशील तर वाचनच, ग्रामर त्याच्या मागून. फक्त अख्खा पेपर आत्ता नको. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलंय, त्यांच्या अभ्यासातून असं निघतं की कुणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले साधारण 98 शब्द आधीच ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एखादा नवा. आणि इंग्लिश पेपर किंवा कादंबरी त्या आरामात वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात (शब्दकुटुंब म्हणजे 'वर्क', 'वर्क्स', 'वर्किंग' मिळून एक). तू एकदा पेपरातले शंभर शब्द मोज आणि त्यात किती अडले ते बघ, बारा-पंधरा निघाले तर पान पुढे कसं सरकणार, त्याला वाचन नाही म्हणत, ती उचल-ठेव आहे.

म्हणून सोपं घे, लाज वाटेल इतकं सोपं. पणजीत पाटोला आपली सेंट्रल लायब्ररी आहे, 1832 मध्ये सुरू झालेली, कदंब स्टँडवरून चालत जाण्यासारखी. तिथे लहान मुलांच्या विभागात जा. कुणी विचारलं तर भाच्यासाठी बघतेय म्हण. शिकणाऱ्यांसाठी मोजक्या शब्दांत मुद्दाम लिहिलेल्या गोष्टीपण मिळतात, ग्रेडेड रीडर्स म्हणून माग. पुस्तक हातात घेतलं की मधलं एक पान वाच, तीनशे शब्दांच्या पानात सहाच्या वर अडले तर ठेवून दे, दुसरं घे. मोबाइल पर्समध्ये. अडलेला शब्द गोष्टीत तीनदा आला तरच बघ, नाहीतर सोडून दे, बघशील बऱ्याच वेळा पुढच्या पानावर अर्थ आपसूक कळतो. आणि तीच गोष्ट आठ दिवसांनी परत वाच. मला विद्यार्थ्यांकडून कायम हेच करून घेणं सगळ्यात कठीण गेलं, वाचलेलं परत काय वाचायचं म्हणतात, पण दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते म्हणून नजर वाक्यावर जाते.

'अ' आणि 'द' मला तरी असेच कळले. आपली आजीची गोष्ट आठव, 'एका गावात एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या', पहिल्यांदा आला तेव्हा 'एक', ओळख झाली की 'तो'. इंग्लिश गोष्टीतपण पहिल्यांदा 'अ किंग' आणि मग 'द किंग'. सगळे नियम यात येत नाहीत, 'द सन' का ते वेगळं, पण निम्मं काम होतं.

वहीत मात्र नुसता शब्द आणि अर्थ लिहू नकोस. 'रन' म्हणजे धावणे असं लिहिलंस आणि मग 'शी रन्स अ शॉप' आलं की ती दुकान घेऊन पळते का? पूर्ण वाक्य उतरव, दिवसाला दोन, बास. आठवड्यात जे वाक्य डोक्यात अडकून बसेल, तुझं 'डाइज' अडकलं तसं, त्यासाठी शनिवारी ते जाडजूड पुस्तक उघड आणि तेवढाच धडा कर. पहिल्या पानापासून ओळीने करायची काही गरज नाही, बी.कॉम.ची परीक्षा कधीच झालीय तुझी.

बसमध्ये वाचून मळमळत असेल तर बसमध्ये ऐक आणि लंच ब्रेकमध्ये वाच. नवीन वही आणशील तेव्हा शंभर पानीच आण.